आत कोणी नाही

चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या अवजड मशिनींच्या विभागात, पूर्वी दुरुस्तीसाठी मशीनच्या पोटात उतरणारा माणूस मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचा आणि किल्ली खिशात घालायचा. तो बाहेर येईपर्यंत साक्षात मालकाच्या बापालाही मशीन सुरू करता यायचं नाही. पद्धत इतकी साधी होती, की तिचं डिजिटायझेशन होणं अटळच होतं.

ते काम वाकडच्या ऑफिसात स्वप्नालीच्या वाट्याला आलं. मशीनमध्ये उतरताना आणि बाहेर येताना फिटरने टॅबलेटला कार्ड टेकवलं की डेटाबेसमध्ये एक ओळ पडायची: मशीन, माणूस, वेळ, आत की बाहेर. स्वप्नालीचा कोड ती ओळ उचलून रकान्यारकान्यातला मजकूर ॲपमधल्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे त्या मशीनच्या डिजिटल प्रतिरूपात, भरायचा, आणि ऑब्जेक्ट म्हणेल तसा दिवा लागायचा. लाल असेल तर मशीन चालूच होणार नाही. कुलपं भंगारात गेली.

गेल्या आठवड्यात, दुसऱ्या एका क्लायंटसाठीच्या डेमोच्या ऐन अर्धा तास आधी, ॲप सारखं बंद पडू लागलं. एका ओळीत ‘आत की बाहेर’चा रकाना रिकामाच आला होता आणि रिकामेपणाचं काय करायचं हे ऑब्जेक्टला कोणी शिकवलं नव्हतं.

“रिकामा म्हणजे बाहेर,” टीम लीड शेखर म्हणाला. “आत असता तर बोलला असता ना? टाक आणि चल, क्लायंट आलेत.”

स्वप्नालीने टाकलं. नंतर नीट बघू, असं ठरवलं. डेमोला टाळ्या पडल्या, त्यामुळे ते ‘नंतर’ काही उगवलं नाही.

आज अकरा वाजून आठ मिनिटांनी तिला ती ओळ दिसली. प्रेस सात, नवनाथ, अकरा दोन. चौथा रकाना रिकामा. पडद्यावर मात्र सात नंबर हिरवागार: आत कोणी नाही.

“शेखर, हा माणूस आत आहे की बाहेर?”

“ॲप काय म्हणतंय?”

“बाहेर.”

“मग झालं की!”

“अरे, ॲप मीच लिहिलंय!”

सव्वाअकराला चहाची सुट्टी संपते आणि सगळे प्रेस सुरू होतात. तिने शॉपच्या लँडलाइनवर फोन लावला. सगळे कँटीनला, मोबाइल गेटवर जमा. फोन वाजून वाजून थकला. रिकामे रकाने वेचत बसायला वेळ नव्हता; शेवटी तिने डेटाबेसमध्ये हात घातला आणि चाळीसच्या चाळीस मशिनींवर ‘आत’ लिहून टाकलं. सगळं शॉप लाल झालं. तिने श्वास सोडला.

तेवढ्यात लँडलाइनवरून सुपरवायझर दौलतरावांचाच फोन आला.

“ताई, तुमचं ॲप येडं झालंय. सगळ्या मशिनी लाल! येवढी मानसं तर शिफ्टला बी न्हाईत.”

“लालच राहू द्या, काका. सातमध्ये नवनाथ आहे.”

“न्हाई वो. सात हिरवी व्हती, म्या सोता बघितली.”

“ते चुकीचं होतं! आत्ताचं बरोबर आहे.”

“म्हंजी चाळीसबी मशिनीत मानसं हायती?”

“नाही, एकाच.”

“बघा, तुमचं तुमालाच जुळंना. काळजी नका करू. आमी ॲप बायपास केलंय. इलेक्ट्रिशियन निघालाय एकेक चालू करत, एक नंबरपास्नं.”

“थांबवा त्याला! नवनाथ कुठंय ते आधी डोळ्यांनी बघा!”

मग दौलतराव फोनबाहेर ओरडले, “नवनाथ? आरं, नवनाथला कुनी बघितलं का?” रिसीव्हर टेबलावर आपटला. पावलं धावत लांब गेली.

मग फोनमध्ये पहिला प्रेस घुमला. थोड्या वेळाने दुसरा. मोजायचं नाही, असं स्वप्नालीने ठरवलं होतं. तरी सहाव्याला तिचे ओठ हलले.