भांडी भरून घ्या

माझ्या कन्येने नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहण्याचा निश्चय केला आणि माझे घराबाहेर पडणे बंद झाले. हे तिने सांगितले नाही. सांगितले ते तिच्या मामाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, कारण प्रचाराची सर्व धुरा त्याने आपल्या शिरावर घेतली होती. तो आत येऊन बसलासुद्धा नाही. दारातच उभा राहून, पायाच्या अंगठ्याने चप्पल उलटी-सुलटी करीत म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका. पण मतदान होईपर्यंत तुम्ही जरा आतच बरे."

"आत म्हणजे कुठे?"

"आत म्हणजे आत. खिडकीतसुद्धा नको."

त्याच्या बोलण्याचा आशय ध्यानी यावा म्हणून माझ्या नोकरीविषयी थोडे निवेदन करणे मला आवश्यक वाटते. मी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात काम केले. ज्याची पाणीपट्टी थकली त्याच्या घरासमोरील खड्ड्यात लांब दांड्याची, आडव्या मुठीची लोखंडी चावी घालून झडप बंद करायची, नळ सोडवायचा आणि नळीच्या तोंडाला बूच मारायचे, हे माझे कर्तव्य होते. त्यामुळे लोक मला बूचवाला म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत. माझे खरे नाव पगाराच्या दिवशीच काय ते उच्चारले जाई.

या कर्तव्यात मी माझ्यापुरती एक पद्धत पाडली होती. खात्याचा तसा कोणताही नियम नव्हता. झडप बंद करण्यापूर्वी मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मोठ्याने पुकारा करीत असे, "भांडी भरून घ्या." मग भिंतीला टेकून स्वस्थ उभा राही. आतून हंडे, कळश्या, पातेली, अगदी मुलांचे दुधाचे पेलेसुद्धा भरल्याचा आवाज येई. तो आवाज थांबला म्हणजेच मी खड्ड्याचे झाकण उचली. माझी समजूत अशी की ही दया होती. परंतु ज्या घरावर पाळी येई त्या घराला माझ्या दयेचा आवाज आणि संकटाचा आवाज एकच वाटे. निवृत्तीच्या दिवशी ती चावी मी कोठारात जमा केली. तथापि गल्लीने ती माझ्या हातातून कधी काढून घेतली नाही.

माझी कन्या गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करते. तिचे म्हणणे अगदी साधे होते. वरच्या आळीला पाणी चढत नाही, कारण टाकीवरचा पंप जुना झाला आहे आणि त्याला जोडीदार पंप नाही. एकदम सर्वांनी नळ सोडले की टाकी रिकामी होते, पंप कोरडा फिरतो आणि एक दिवस तो जळणार. दुसरा पंप बसवा आणि पाण्याच्या वेळा फळ्यावर लिहा, एवढेच ती दारोदार सांगत असे. लोक ऐकून घेत. मग विचारीत, "पण तू कोणाची ग?"

तिच्याविरुद्ध उभे होते डॉक्टरसाहेबांचे चिरंजीव. डॉक्टरसाहेब हयात नाहीत. त्यांच्या हाताला गुण होता असे सर्वजण सांगतात आणि मीही सांगतो. त्यांच्या चिरंजीवांचे फरशांचे दुकान आहे. गृहस्थ सालस, त्यांच्याविषयी वावगा शब्द माझ्या लेखणीतून उतरणार नाही. ते प्रचारास आले तेव्हा मी पडद्याच्या फटीतून पाहिले. समोरच्या घरातील म्हातारबुवांनी त्यांना पाहताच जीभ बाहेर काढून दाखविली. चिरंजीव गोंधळले. शेवटी नाइलाजाने त्यांनी जिभेकडे पाहिले आणि म्हणाले, "ठीक आहे."

म्हातारबुवांचे समाधान झाले. "बापाचाच हात आहे," ते आत वळून म्हणाले, यद्यपि हात कोणी लावलाच नव्हता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक शेजारीण राहतात, त्यांना सारी गल्ली वहिनी म्हणते. जिन्यात उभ्या राहून त्या मेहुण्याला म्हणत होत्या, ते मला आतून ऐकू आले.

"पोरगी हुशार आहे हो. बोलते पण छान. पण मत द्यायचं म्हणजे घर बघायला नको?"

"वहिनी, पंपाचं घर बघून काय करायचं? तो चालला म्हणजे झालं."

"तुम्ही काहीही बोलता. उद्या ही निवडून आली आणि बापाच्या हातात परत चावी दिली तर?"

"ते म्हातारे झाले. त्यांना आता बरणीचं झाकण उघडत नाही."

"उघडायला नाही लागत. बंदच करायचं असतं ना त्यांना."

दोघेही हसले. मीही आत हसलो, आणि हसलो याचे मला नवल वाटले.

असे माझे दिवस चालले. खोलीत एक खाट, एक मेज, मोरी आणि भिंतीला लावलेले कन्येचे शिवणयंत्र. खाटेवरून उठून मोरीपर्यंत जावे आणि मोरीवरून खाटेवर यावे. बाहेर कर्ण्यावरून माझ्या मुलीचा आवाज जाई तेव्हा मी उभा राहत असे. का ते सांगता येणार नाही. रात्री ती थकून येई, माझ्यासमोर बसून जेवे आणि गल्लीत काय काय झाले ते सांगे. कोण काय म्हणाले हे मात्र वगळी. तिचे वगळणे इतके काळजीपूर्वक असे की मला प्रत्येक वाक्य ऐकू येई.

एकदा मी म्हणालो, "मी बहिणीकडे जाऊन राहतो. तुझ्या मागचं झेंगट तरी जाईल."

ती म्हणाली, "आणि मत कोण देणार? एक मत आहे माझं हक्काचं. ते कुठेही जायचं नाही."

ते एक मत हीच त्या दिवसांत माझी एकमेव मालमत्ता होती. मी ते मनात जपून ठेविले.

मेहुण्याने मतदानाची योजना आखून दिली होती. "सगळ्यात शेवटी निघा भाऊजी. गर्दी ओसरली की मागच्या बाजूनं या, शिक्का मारा आणि सरळ घरी." मी त्याप्रमाणेच वागलो. खात्याचा जुना खाकी कपडा अंगावर येऊ नये म्हणून पांढरा सदरा इस्त्री करून घेतला होता. गुडघा दुखतो म्हणून काठी घेतली. ती काठी लांब असून तिच्या माथ्यावर आडवी मूठ आहे. ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानातच आली नाही.

परंतु गर्दी ओसरली नव्हती. कारखान्याची पाळी नुकतीच सुटली होती आणि तिथल्या बायका, ज्या माझ्या मुलीच्या शेजारी बसून शिवतात आणि ज्यांच्यावर तिची सारी भिस्त होती, त्या मतदानाच्या शाळेच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या होत्या. बहुतेक जणी वरच्या आळीतल्या. मी कोपऱ्यावर आलो. उन्हे उतरली होती. माझी आणि काठीची सावली रस्त्यावर लांबवर पडली. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या एका बाईने वळून पाहिले.

"अगं, बूचवाला."

"आज? आज कसा येईल?"

"हातात चावी बघ की. लेक पडणार असं कळलं असेल, राग काढायला आलाय."

"माझी घरी एक घागर नाही भरलेली."

ती निघाली. तिच्या मागोमाग दुसरी. विणलेल्या कापडाचा धागा ओढावा तशी ती रांग शेवटच्या टोकापासून उसवत चालली. मी काठी मागे लपविली. त्याने तर त्यांचा संशय बळावलाच. तेव्हा मनाचा हिय्या करून मी माझ्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणालो, "अहो थांबा, पाण्याला काही झालेलं नाही."

त्या आवाजात पाणी हा शब्द ऐकताच ज्या थांबल्या होत्या त्याही पळाल्या.

मी तिथेच उभा राहिलो. पुढे पाऊल टाकावे तर फाटकाजवळच्या उरलेल्याही निघून जातील. मागे वळावे तर वाट वरच्या आळीतूनच होती, आणि तिथे मला येताना पाहून आणखी कोणकोण मतदान टाकून भांडी भरायला बसेल, हे सांगवत नव्हते. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने माझ्या दंडाला धरून मला आत ओढले.

"काका, आत या. तुम्ही उभे राहिलात तरी लोकांना पाणी भरावंसं वाटतं."

त्याने मला टांगलेल्या शर्टांच्या मागे स्टुलावर बसविले. तिथून फाटक दिसत होते. मी म्हणालो, "मला मत द्यायचं आहे."

"द्या ना. बाहेर पडलात की तुमचं एक मत पडेल, आणि मुलीची किती जातील ते तुम्ही मोजा."

मी मोजले नाही. गरम कापडाच्या वासात, दुसऱ्यांच्या बाह्या तोंडाला लागत असताना, मी बसून राहिलो. वरच्या आळीतून घराघरात पाणी भरल्याचा आवाज येत होता. हंडा आधी पोकळ वाजतो आणि भरत जाईल तसा आवाज चढत जातो. तो आवाज ऐकत मी जन्मभर भिंतीला टेकून उभा राहिलो होतो आणि तो मला नेहमी आवडत असे. काही बायका भांडी भरून धावत परत आल्या, तोवर मतदानाची वेळ संपून शिपायाने फाटक ओढून घेतले होते.

घरी आलो तेव्हा कन्येने विचारले, "झालं का बाबा?"

"झालं," मी म्हणालो आणि हात खिशात ठेविला.

सकाळी नळाला पाणी आले नाही. दुपारपूर्वी निकालही लागला. माझी कन्या थोडक्यात पडली. मेहुणा निकाल सांगून गेला, पण माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पाणी का नाही, हे तिनेच टाकीवर जाऊन पाहून आणले. "सगळ्यांनी एकदम नळ सोडले काल. टाकी रिकामी झाली, पंप कोरडा फिरला आणि जळाला. मी काय सांगत होते?" ती कोणाला उद्देशून बोलत होती कोण जाणे. खोलीत मी एकटाच होतो.

संपूर्ण गल्लीत त्या दिवशी फक्त आमच्या घरी पाणी नव्हते. बाकी सर्वांनी आदल्या संध्याकाळी भरून ठेविले होते. कन्या कळशी घेऊन वरच्या मजल्यावर गेली. वहिनींचा आवाज जिन्यातून स्पष्ट येत होता.

"ने ग, ने. तुझा काय दोष? बरं झालं बाई, काल त्यांना वेळेवर पाहिलं. नाहीतर आज बसलो असतो कोरडे."

"वहिनी, पंप जळलाय."

"असेल. पण बापाला सांग, झाला तेवढा राग पुरे, आता सोड म्हणावं पाणी. आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरांचा मुलगा आहे, चांगल्या घरातला. तो करेल काहीतरी."

ती कळशी घेऊन खाली आली. भरलेली कळशी जड असते म्हणून मी उठून दोन्ही हातांनी ती धरली. तेव्हा तिची नजर माझ्या बोटावर गेली. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. तिच्या स्वतःच्या बोटावर काळी रेघ ठळक होती. आमचे दोघांचे हात त्या एकाच कळशीच्या काठावर शेजारी शेजारी होते, आणि कळशी खाली ठेवल्याशिवाय मला माझा हात काढून घेणे शक्य नव्हते.

तिने सारे ओळखले. कारखान्यातल्या बायकांनी तिला रांगेचे सांगितलेच असावे.

"पुढच्या वेळी फाटक उघडता उघडता जाऊ," ती म्हणाली. "दोघं मिळून. पुढे तुम्ही."

"रांग मोडेल."

"रांग लागायच्या आधी जाऊ."

"तुला बघतील तेव्हा मलाच बघतील ग."

पाणी माठात ओतून तिने मला पेला भरून दिला. बाहेर जिन्यावर पावले वाजली. कोणीतरी वर जात होते. मी पेला खाली ठेवून उठलो आणि दाराला कडी घातली. ती माझ्याकडे पाहत होती. मी पुन्हा खाटेवर येऊन बसलो आणि ते पाणी प्यालो.