नकाशावरचे नऊ निळे ठिपके

प्लंबरनं नकाशावर नववा निळा ठिपका काढला, मार्करला टोपण लावलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. लाल रेघ म्हणजे धावायचा रस्ता, हिरवे ठिपके पाण्याचे, निळे स्वच्छतागृहांचे. शाळेच्या सभागृहात जमलेली दौडीची समिती खुर्च्या पुढे ओढून बघू लागली.

"तीन किलोमीटरला नऊ?" बेकरीवाला म्हणाला. "अहो, लोक धावायला येणार आहेत की बसायला?"

हशा पिकला. प्लंबरही हसला, जरा जास्तच.

"म्हातारी माणसं असतात, पोरंबाळं असतात. गैरसोय नको."

"म्हातारी माणसं मागच्या वर्षीही होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हा तीनांत भागलं होतं."

त्या हसत नव्हत्या. प्लंबरच्या वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर पाच वर्षांपूर्वी त्यांनीच शोधला होता, पण तोवर तो हाडांत उतरला होता. म्हातारा गेला आणि त्याच्या आठवणीत ही सहकुटुंब दौड सुरू झाली. बाईंनी सहज म्हटलं असेलही, पण चोराच्या मनात चांदणं! प्लंबरनं घाईघाईनं नकाशा गुंडाळला. मागच्या रांगेत बसलेल्या बायकोकडे त्यानं पाहिलं नाही.

त्याला लघवीचा त्रास सुरू होऊन वर्ष होऊन गेलं होतं. तासातासाला जावं लागे, आणि जाऊनही मोकळं वाटत नसे. गिऱ्हाइकाच्या नळाची धार बारीक झाली की तो खुशाल दरडावायचा, "आधीच का नाही बोलावलंत? आता भिंत फोडावी लागेल." स्वतः मात्र ज्या घरी कामाला जाई, तिथलं न्हाणीघर आधी गाठायचा आणि आतला नळ सोडून ठेवायचा, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून. 'वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर पंचेचाळिशीतच डॉक्टरांना विचारा,' अशी पत्रकं त्यानं चार वर्षं आपल्या हातानं वाटली होती. तो अठ्ठेचाळीसचा होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पण त्याला खरोखरच भीती वाटत होती. शेवटी शेवटी वडिलांची कूस बदलायला दोघं लागत, आणि ओरडणं बाहेर पडू नये म्हणून ते उशीचा कोपरा चावत. तपासलं नाही तोवर आपल्याला काही झालेलं नाही, एवढ्या एका समजुतीवर त्यानं दिवस काढले होते.

दौडीच्या सकाळी मैदानावर तो मुलीच्या सदऱ्याला नंबर लावत होता. प्रोस्टेटच्या रक्ततपासणीसाठी उभारलेल्या तंबूकडे त्याची पाठ होती.

"बाबा, या वेळी शेवटपर्यंत माझ्याबरोबर धावायचं हं. मागच्या वेळी सारखे कुठे गायब होत होतात?"

टाचणी त्याच्या बोटात शिरली. तेवढ्यात बायको आली.

"चला."

"कुठे?"

तिनं तंबूकडे नुसतं पाहिलं.

"दौड संपल्यावर बघू."

"धावायच्या आधीच रक्त द्यायचं असतं. पत्रकात तुम्हीच छापलंय."

"आणि काही निघालं तर?"

हे शब्द त्यानं आजवर मनातसुद्धा पुरते उच्चारले नव्हते. ती त्याची बाही धरून चालू लागली.

तंबूत टेबलापाशी सिस्टर बसली होती. बायकोनं पर्समधून चौघडी केलेला फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. सगळं भरलेलं होतं. 'वडिलांना आजार होता का?' याच्यापुढे तिच्या अक्षरात 'हो'. घड्यांवर कागद झिजून पार विरला होता.

सिस्टरनं तो जपून उलगडला.

"वय सत्तेचाळीस? आणि तारीख मागच्या वर्षीची आहे. हा मागच्या दौडीचा फॉर्म दिसतोय."

प्लंबरनं बायकोकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"रोज बाहेर काढायचे," ती म्हणाली, "आणि परत ठेवून द्यायचे. तपासायला येता का विचारलं, तुम्ही हो म्हणालात आणि खरंच काही निघालं तर, असं वाटायचं."

"खोडून आजची घाला," सिस्टरनं पेन पुढे केलं.

बायकोनं ते घेतलं, पण तारखेवर नेऊन तिथंच धरून ठेवलं. त्यानं तिच्या बोटांतून ते हळूच काढून घेतलं. जुनी तारीख खोडली, आजची घातली, वय एकानं वाढवलं. मग डावी बाही दंडापर्यंत दुमडून तो खुर्चीत बसला.

बाहेर धावणाऱ्यांना रेषेवर बोलावत होते.

"तू जाऊ नकोस," तो म्हणाला. "इथंच उभी राहा."