आभाराचा फोन

नव्या मॅडम आल्या आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या भिंतीवर तक्ता चिकटला. कॉलेजच्या फाउंडेशनला यंदा तीसऐवजी पन्नास मुलांना शिष्यवृत्ती द्यायची, म्हणून दर देणगीमागची सरासरी रक्कम जवळजवळ दुप्पट व्हायला हवी, असं त्यांचं गणित. तक्त्यावरची पट्टी दर शुक्रवारी रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुसरं आहेच कोण म्हणा. पूर्वी या खोलीत आम्ही चौघी होतो. आता तीन खुर्च्यांवर फायली बसतात.

"सरासरी खाली कोण ओढतंय?" मॅडमनी विचारलं.

मला पक्कं ठाऊक होतं. हप्तेवाले काका. आमच्याकडे जुना नियम आहे, देणगी केवढीही असो, आभाराचा फोन माणसानंच करायचा. काकांनी तो नियम बरोबर हेरला होता. वर्षाची रक्कम एकदम न देता ते तिचे बारा तुकडे करायचे. म्हणजे दर महिन्याला एक फोन नक्की.

काका शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. त्यांची मुलगी आमच्या शिष्यवृत्तीवर शिकली, म्हणून ही देणगी. म्हातारा एकटा असणार, दुसरं काय. फोनवर मागे सारखी कुजबुज ऐकू यायची. रेडिओ असेल, एकट्या माणसांकडे तो चालूच असतो. माझ्याकडेही असतो. मग मीही घाई करायची नाही. माझा गुडघा, घरमालकिणीची कटकट, ऑफिसचा पाणचट चहा, सगळं सांगायची. ते आपले "बोला, बोला" म्हणायचे. बोलणं माझंच जास्त व्हायचं, हे खरं. पण बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा.

"त्यांना सांगा, एकदम द्या," मॅडम म्हणाल्या. "वर्षाच्या सुरुवातीला सगळी रक्कम हातात आली तर एका मुलाची शिष्यवृत्ती तेव्हाच जाहीर करता येते. नाहीतर तो वर्षभर ताटकळतो."

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. त्या बाईंवर धड चिडताही येईना. तीन दिवस मी टाळाटाळ केली. काकांच्या जिवाला लागेल, असं स्वतःलाच बजावत राहिले. चौथ्या दिवशी फोन लावला.

सगळं सांगून झाल्यावर काका म्हणाले, "एका पोराचं अडत असेल तर उद्याच सगळे पाठवतो. पण ताई, मग तुमचं कसं होणार?"

"माझं काय?"

"तुम्ही बोलणार कोणाशी?"

मला काही कळेना. काका जरा अवघडले. "पहिल्या वर्षी मी एकदमच दिले होते की. आभाराचा फोन तुम्ही चांगला अर्धा तास केलात. तुम्ही ठेवल्यावर आमची ही म्हणाली, या पोरीला घरी बोलायला कोणी दिसत नाही हो. आपण थोडे थोडे देऊ या."

मागची कुजबुज थांबली होती. एक बाईमाणूस हळूच म्हणालं, "अहो, असं तोंडावर सांगतात का?" कुणीतरी लहान मूल पाणी मागत होतं. सूनही असावी तिथंच, भांडी आवरत. म्हणजे भरलेलं घर, आणि मी इतकी वर्षं त्या माणसाची कीव करत बसले होते.

लाज वाटली. त्याहून जास्त रडू आलं, पण फोनवर रडायची मला सवय नाही.

"छे हो काका," मी म्हटलं, "मला माणसांची काय कमी? इथं तर श्वास घ्यायला फुरसत नाही." समोर तीन खुर्च्यांवर फायली होत्या.

"मग बरंय," काका म्हणाले. "पण देणगी नसली तरी करा हं फोन. कारण लागत नाही."

"करेन की," मी म्हटलं.

शुक्रवारी पट्टी बोटभर वर गेली. मॅडमनी माझ्या नावानं सगळ्यांना केक खिलवला आणि एक तुकडा माझ्या टेबलावर झाकून ठेवला. काकांच्या पैशातून एका मुलीचं नाव वर्षाच्या सुरुवातीलाच यादीत लागलं. त्याचं मला मनापासून बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात काकांची नेहमीची तारीख आली. नंबर तोंडपाठ आहे. रिसीव्हर उचलला, चार आकडे दाबले, आणि कशासाठी फोन केला म्हणून सांगायचं, तेच सुचेना. ठेवून दिला.