डावीकडची गुणाबाई

पनवेलच्या टपाल नाक्यावर दिनानाथचा फोटो स्टुडिओ होता. चोपन्न सालच्या पावसाळ्यात त्याच्या लेन्सला बुरशी धरली आणि नवरा-नवरीचे फोटोसुद्धा धुक्यात काढल्यासारखे यायला लागले. दुसरी लेन्स शोधून तो थकला, तेव्हा विचुंब्याचा काशीराम स्टुडिओत आला आणि त्यानं धोतराच्या फडक्यातून एक पितळी लेन्स काढली. काशीराम पूर्वी मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा होता. साहेब विलायतेला परतला तेव्हा कॅमेरा ड्रायव्हरला मिळाला आणि ही जास्तीची लेन्स काशीरामला.

"एकदम नवी हाय, शेट. सात वरसं तांदळात ठेवलीय."

वापरलेल्या मालावर दिनानाथचा जन्मजात संशय. त्यानं आधी लेन्सचा वास घेतला. मग खिडकीपाशी नेऊन आरपार पाहिलं, मागून बॅटरी मारली. बुरशीचा धागा नाही, चरा नाही. उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्या उघडझाप करून पाहिल्या, तर त्याही बिनतक्रार फिरल्या. फक्त पितळेच्या कडेला एक बारीक पोचा होता.

"ही पडली होती का हो?"

"छ्या! पोरीवानी सांभाळलीय."

"पडलेल्या लेन्सच्या आतल्या काचा सरकतात, वरून कळत नाही. विटांच्या भिंतीचा फोटो काढून बघतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत विटा स्वच्छ दिसल्या, तर लेन्स माझी."

"मंग आमच्याच घराची भित काढा की!"

दुसऱ्या दिवशी दिनानाथ कॅमेरा आणि तिकाटणं सायकलला बांधून विचुंब्याला पोचला. भिंत जागेवर होती, पण तिच्यापुढे ठेवणीतले कपडे घालून नऊ माणसं उभी होती.

"अहो, मला भिंत हवीय," तो म्हणाला.

"भित कुठं पळून चाललीय?" काशीरामची बायको कमळाबाई म्हणाली. "मानसं नटून बसलीत सकाळधरनं. मानसांचा काढा."

दिनानाथनं विचार केला, एका ओळीत सरळ उभी राहिली तर माणसंही चालतील. कमळाबाईनं मधली जागा धरली. तिची थोरली जाऊ गुणाबाई मात्र पार डाव्या टोकाला गेली. एक तर सुकटीच्या वाटणीवरून दोघींचं आठ दिवस बोलणं नव्हतं; आणि दुसरं म्हणजे लहानपणी देवी आल्यापासून गुणाबाईच्या तोंडभर वण होते. तिनं जन्मात फोटो काढला नव्हता.

"मी हितंच बरी," म्हणत तिनं पदर ओढला.

"पदर थोडा मागे घ्या, काकू," दिनानाथ काळ्या फडक्यातून ओरडला. तिनं नाखुशीनं घेतला.

रात्री स्टुडिओत फोटोची काच धुतल्यावर सगळा उलगडा झाला. उजवीकडच्या विटा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ, डावीकडच्या साबणाच्या पाण्यात बुडाल्यासारख्या. लेन्स पडलेली होती! काशीरामला काय काय सुनवायचं त्याची उजळणी करतच दिनानाथ सकाळी विचुंब्याला गेला. पण तो तोंड उघडायच्या आत फोटो त्याच्या हातातून गेला.

"ही कोन म्हातारी?" मधोमध बोट ठेवून कमळाबाईनं विचारलं. सगळे तिच्याकडेच बघायला लागले, तेव्हा तिला कळलं. तिची एकूण एक सुरकुती, पडलेला दात, कपाळावर चिकटलेलं भाताचं शीतसुद्धा आलं होतं.

फोटो हातोहात फिरत शेवटी गुणाबाईकडे गेला. तिनं तो डोळ्यांजवळ धरला. फोटोतल्या गालावरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या गालावरून.

"वण कुठं गेलं?"

दिनानाथच्या जिभेवर दोष हा शब्द तयार होता. गुणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं तो गिळून टाकला.

"लेन्स उत्तम आहे," तो म्हणाला. "मी घेतो."

आता काशीरामला राहवेना. तो दिनानाथला बाजूला घेऊन पुटपुटला, "शेट, खोटं कशाला बोलू, एकदा उखळावर पडली होती."

"ठाऊक आहे. गप्प राहा."

लेन्सची ख्याती नेऱ्यापासून कोन गावापर्यंत पसरायला महिना लागला नाही. एकटी बाई आली की दिनानाथ तिला डावीकडे बसवायचा आणि फोटोतली उरलेली भिंत कात्रीनं कापून टाकायचा. लग्नाच्या फोटोत मात्र पंचाईत व्हायची. वऱ्हाडातल्या सगळ्या मावश्या-आत्या डाव्या टोकाला गर्दी करायच्या आणि नवरीशेजारी उभं राहायला कोणी मिळायचं नाही.

एका दुपारी कमळाबाई एकटीच स्टुडिओत आली. गुणाबाई घरात कोणाला आरसा बघू देत नाही, उठसूट तो फोटोच दाखवते, अशी तिची तक्रार होती. दिनानाथनं तिला स्टुलावर नीट बसवलं, कॅमेऱ्यात काच चढवली आणि वळून बघतो तर बाई स्टुलासकट डावीकडे सरकलेली. त्यानं पुन्हा बसवलं. ती पुन्हा सरकली.

"अहो काकू, आता फोटोत नुसता कान येईल तुमचा!"

"येऊ द्या," कमळाबाई मान ताठ करून म्हणाली. "कुडी नवी हाय."