जुन्या यंत्रांचे आवाज

शहरातल्या साप्ताहिकात ‘या आठवड्यात कुठे जाल?’ असं एक पान यायचं आणि ते ताई एकटी सांभाळायची. घरात थोरली म्हणून ती ताई. ऑफिसात साठीचे संपादकही तिला ताईच म्हणत. शहर असं बेताचं, की शनिवारी एकीकडे नाटक आणि दुसरीकडे चित्रप्रदर्शन असलं की लोकांची ओढाताण व्हायची.

त्या आठवड्यात पानासाठी नवीन सॉफ्टवेअर आलं. चाचणी म्हणून एक खोटा कार्यक्रम भरा, असं ते म्हणालं. ताईनं पटकन सुचलं ते भरलं: ‘जुन्या यंत्रांचे आवाज. सादरकर्ते: बाबा. वाचनालयाचं छोटं सभागृह, शनिवार, सायंकाळी सहा. प्रवेश विनामूल्य.’ फोन नंबरही बाबांचा दिला, कारण पाठ असलेला तेवढाच. मग प्रदर्शनाची माहिती द्यायला आलेल्या एका शिल्पकारानं आपला दोन फुटी हत्ती दाखवायला टेबलावर ठेवला, हत्तीखाली कीबोर्ड गेला, आणि खोटा कार्यक्रम पुसायचा राहून छापून आला.

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. तोंडानं यंत्रांचे आवाज काढायचे. पशुपक्ष्यांच्या वाटेला जायचे नाहीत. “कोंबडा काय, कोणीही काढतो,” म्हणायचे. टाइपरायटर, चकतीचा फोन, किक मारून मारून सुरू न होणारी स्कूटर, सगळं हुबेहूब. मिक्सर चालू आहे की नवरा, हे कळायला आईला दर वेळी प्लगकडे बघावं लागे.

पण स्टेजवर ते एकदाच चढले होते. एकतीस वर्षांपूर्वी, खात्याच्या स्नेहसंमेलनात. त्यांनी जळू लागलेल्या पंपाचा आवाज काढला आणि वायरमननं धावत जाऊन मेन स्विच बंद केला. अडीचशे माणसं अंधारात शिस्तीनं घरी गेली. टाळी एकही नाही. दुसऱ्या दिवशी पंपाविरुद्ध दोन लेखी तक्रारी मात्र आल्या. तेव्हापासून बाबांनी लोकांसमोर तोंड उघडलं नाही. कधीतरी उघडावं, असं ताईला लहानपणापासून वाटायचं. पण असं नव्हे.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

“हॅलो, पिठाची गिरणी होते का?”

“होते,” बाबा म्हणाले. “पण तुम्हाला कोणी सांगितलं?”

“पेपरात आलंय.”

बाबांनी पेपर उघडला. मग ताईकडे बघितलं.

“बाबा, चुकून झालं. उद्या मी दारात उभी राहून सगळ्यांना कार्यक्रम रद्द म्हणून सांगते.”

“रद्द कशाला?” आई आतून म्हणाली. “एवढी वर्षं मी एकटीच ऐकतेय. जरा बाकीच्यांचेही कान किटू देत.”

“आणि पुन्हा कोणी दिवे घालवले म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“उन्हाळ्यात सातपर्यंत उजेड असतो. काही होत नाही.”

ताईनं वाचनालयात फोन लावला. सभागृह बुक केलेलंच नव्हतं. ग्रंथपाल म्हणाले, “अहो, पेपरात आलंय म्हटल्यावर बुकिंग झालंच असणार. मी लगेच रजिस्टरमध्ये लिहून टाकलं. खुर्च्याही मांडून झाल्या.”

शनिवारी त्रेचाळीस माणसं आली. आई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. बाबा इस्त्रीच्या शर्टात पुढे उभे राहिले, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. अर्धं मिनिट. एक मिनिट.

“फ्रिज आहे,” मागून कोणीतरी हळूच सांगितलं. “लाइट गेल्यावरचा.”

लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बाबा आणखीनच घाबरले. ते दाराकडे बघू लागले, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या.

“शिलाई मशीन येतं का हो? पायाचं. माझं मुलानं विकून टाकलं.”

बाबांची मान दारावरून वळली. “तेल घातलेलं की कोरडं?”

“कोरडंच. तेल घालायला वेळ कुणाला होता?”

“आणि कापड?”

“जाड. पडद्याचं.”

बाबांनी डोळे मिटले. आधी चाक कुरकुरलं, मग सुई धावू लागली, जाड शिवणीपाशी अडखळली, पुन्हा सुटली. आजी बसल्या. खुर्चीखाली त्यांचे पाय चालू झाले होते.

“आता दोरा तुटायला हवा,” त्या म्हणाल्या.

दोरा तुटला.

“हां. तेच ते,” आजी म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मग कोणी थांबेना. एकाला पहिला मोबाइल हवा, एकीला कॉलेजची लिफ्ट. एका जोडप्यानं आपलं जुनं धुलाई यंत्र मागितलं, आणि ते डुगडुगायचं की गुरगुरायचं यावरून तिथंच त्यांचं भांडण जुंपलं. बाबांनी दोन्ही करून दाखवलं. निवाडा गुरगुरण्याच्या बाजूनं लागला. कार्यक्रम संपला तेव्हा बाबांचा घसा पार बसला होता, आणि तरी चार माणसं आपापली यंत्रं सांगायला रांगेत उभी होती.

घरी जाताना बाबा ताईच्या बरोबरीनं चालू लागले.

“ताई,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पुढच्या शनिवारची माहिती तुमच्याकडे कधीपर्यंत द्यावी लागते?”

“मंगळवारी दुपारी तीनपर्यंत.”

“फोटो लागतो?”

“असला तर बरं.”

बाबा तिथंच एका दुकानाच्या काचेसमोर थांबले आणि खिशातून कंगवा काढला.

“मग आत्ताच काढ. उजेड आहे तोवर.”