चौदा नंबरचं फूल

यशवंतराव गुरुजींच्या वहीत उटनूरच्या डोंगरातली सोळा रानऑर्किडं होती आणि त्यातली पंधरा हर्षालीने तीन वर्षांत हुडकून काढली होती. झाडाच्या फांदीवरून मुळं लोंबवणारी, गवतात दडणारी, सगळी. राहिला होता चौदा नंबर. जमिनीलगत एकच गोल, चुण्या पडलेलं पान, आणि त्यापुढे गुरुजींचा शेरा : ‘फूल कधीही दिसले नाही. ओळख पटत नाही.’

गुरुजी आदिलाबादच्या एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. पस्तीस वर्षं सुट्ट्यांमध्ये डोंगर पालथा घातलेला माणूस, आणि हेकेखोर किती, ते विचारूच नका. “चौदाचं फूल दाखव, वही तुही,” असं त्यांनी हर्षालीला सांगून ठेवलं होतं. नाहीतर ती हैदराबादच्या कुठल्याशा कॉलेजच्या कपाटात जाणार. हर्षालीला वही हवीच होती. कपाटात गेलेल्या वह्यांचं काय होतं, हे बी.एस्सी. करताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ती पुन्हा डोंगरावर गेली. सोबत आई, राहीबाई. तामसी गावाकडे त्यांचा भाजीपाल्याचा मळा, आणि सुरणात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेकीने एकटीने रानात हिंडावं हे त्यांना पसंत नसे, म्हणून प्रत्येक खेपेला त्या डबा घेऊन मागोमाग यायच्या आणि वाटभर कुरकुरायच्या.

ओढ्यावरच्या बांबूखाली चौदा नंबरचं पान दिसलं. हर्षाली गुडघ्यांवर बसली. फूल नव्हतंच. पण पानाभोवती मातीत हिरव्या बांगडीच्या काचा गोल रोवलेल्या होत्या.

“आई, ह्या काचा कोणी टोचल्या?”

“म्याच. जूनमंदी.” राहीबाई डबा उघडत म्हणाल्या. “तू इथं त्या बिनपानाच्या फुलाचे फोटो काढून राह्यली होती न? मले वाटलं, खाली कांदा असंल, कोणाचा पाय पडंल. आपण सुरणाले नाई का लावत?”

मळ्यातली रीतच होती ती. सुरणाचं पान वाळून गेलं की जमिनीवर काहीच उरत नाही. मग कुदळ खालच्या कंदावर पडू नये म्हणून फुटक्या काकणांच्या काचा भोवती रोवून ठेवायच्या.

हर्षालीने मोबाइलमधला जूनचा फोटो उघडला. तोच दगड, तोच बांबू. आणि नुसत्या देठावर उभं असलेलं ते फूल म्हणजे गुरुजींच्या वहीतला नववा नंबर! म्हणजे नऊ आणि चौदा एकच. आधी फूल, ते सुकून गेलं की पान. घरच्या सुरणाचं फूलही असंच बिनपानाचं येतं, आणि तीन वर्षं तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. गुरुजी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अखेरीस, जून लागताना फूल बघायचे, दसऱ्याच्या सुट्टीत पान. मधल्या दिवसांत ते वर्गात पोरांना फुलदाणी काढायला शिकवत असायचे. तिला हसू आवरेना.

“काऊन हासून राह्यली?” राहीबाईंनी विचारलं.

“वही आपली झाली, आई!”

दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींसमोर दोन फोटो ठेवले. “गुरुजी, चौदाचं फूल तुमच्याच वहीत हाय. नऊ नंबर काढा.”

गुरुजी भडकले. “मंग पस्तीस वर्सं मी डोळे मिटून हिंडलो का?”

“नाई गुरुजी. तुमी सुट्टीतच हिंडले.”

तिने काचांची हकिगत सांगितली. गुरुजी भिंग घेऊन फोटोंवर वाकले ते वर बघेनात. हर्षालीला त्यांचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. शेवटी त्यांनी पेन घेतलं, चौदा नंबरवर स्वतःच्या हाताने काट मारली आणि वही तिच्याकडे सरकवली.

“सोळाचे पंधरा केले तू.”

“पंधरा, पण पक्के.”

“पक्के कायचे!” गुरुजी म्हणाले. “तीन आन् अकराचा बी मले आता भरोसा वाटून नाई राह्यला. उन्हाळ्यात मले बी संगं ने. आन् तुह्या आईले सांग, काचा जास्त घेजा म्हणा.”