न वितळणारं आइस्क्रीम

त्या गल्लीतली माणसं वर्षभर एकमेकांकडे ढुंकून बघत नसत आणि वर्षातून एका संध्याकाळी रस्ता बंद करून, एकच लांबलचक टेबल मांडून, मांडीला मांडी लावून जेवत. रहिवासी समितीने याला ‘शेजारभोजन’ असं नाव दिलं होतं. भिंतीला भिंत लागून राहणारे लोक त्या दिवशी छातीवर आपल्या नावाची चिठ्ठी लावून येत, कारण त्याशिवाय शेजाऱ्याला हाक कशी मारायची हे कुणालाच ठाऊक नसे. सूप येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा, सूप आल्यावर सुपाच्या, आणि हात धुतले की पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा सगळे अनोळखी.

काकूंना या प्रकाराची मनापासून चीड होती. कोपऱ्यावर त्यांची सहा टेबलांची खानावळ होती, तेवीस वर्षांची. आज काय शिजलंय ते फळ्यावर खडूने लिहिलेलं असे आणि फळ्यावर असेल तेच ताटात येई. शेजारभोजनात ‘वा, काय चव आहे!’ म्हणून माना डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांनी या खानावळीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. तिथे मेनूकार्ड नव्हतं ना! जाड पुठ्ठ्याचं, मखमली दोरीचं कार्ड हातात आल्याशिवाय त्यांना भूकच लागत नसे.

पण यंदा नाक मुरडून चालणार नव्हतं. जागेच्या मालकाने खानावळीची जागा चपलांच्या दुकानाला दिली होती आणि महिनाअखेर गाशा गुंडाळायचा होता. परवडेल असं दुसरं स्वयंपाकघर गल्लीत एकच, सामुदायिक सभागृहाचं. ते तीन वर्षांसाठी कुणाला द्यायचं हे समिती यंदाच्या शेजारभोजनात, दोन अर्जदारांचे पदार्थ चाखून, ठरवणार होती. ते मिळालं नाही तर काकूंना भांडीकुंडी विकून लेकीच्या घरी जाऊन बसावं लागलं असतं, आणि बसणं हा एकच प्रकार त्यांना आयुष्यात जमला नव्हता.

“अडला हरी,” अर्ज लिहिताना त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि म्हणीतला पुढचा प्राणी डोळ्यांसमोर येताच त्यांना अध्यक्षांची आठवण झाली.

अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. एकदा त्यांनी जहाजाने अकरा दिवसांचा प्रवास केला होता आणि तेव्हापासून ते आपल्या जिभेला एखादी पदवी मिळाल्यासारखे बोलत. घरात बायकोसुद्धा त्यांना ‘अध्यक्ष’ म्हणे, आणि ते रागाने की आदराने हे तिलाही आता सांगता आलं नसतं. समितीत आणखी दोघं होती. एक दंतवैद्य, जे अध्यक्षांचं वाक्य संपायच्या आतच ‘अगदी बरोबर’ म्हणत. दुसऱ्या ग्रंथपालबाई. त्या समितीच्या चिटणीस होत्या आणि बोलण्यापेक्षा लिहून घेणं पसंत करत.

काकूंच्या विरोधात होता गच्चीवाला. पाचव्या मजल्याच्या गच्चीवर त्याचं नवंकोरं रेस्टॉरंट होतं. तिथलं ताट एवढं मोठं की त्यात बाळाला अंघोळ घालावी, आणि वाढलेलं एवढंसं की त्या बाळाच्या दुधाच्या दातालाही पुरू नये.

दोघांनीही एकेक गोड पदार्थ करायचा होता. काकूंनी जळक्या साखरेचं आइस्क्रीम ठरवलं. साखर तांबूस होऊन कडवटपणाच्या काठावर आली की नेमक्या त्या क्षणी साय ओतायची. पाच सेकंद आधी ओतली तर नुसतं गोड, पाच सेकंद उशिरा ओतली तर औषध. ही वेळ काकू वासावरून ओळखत.

समितीला दोन्ही पदार्थांचे मोठे फोटोही हवे होते, सभागृहात कायमचे लावायला. ते काम मिळालं काकूंच्या जावयाला. त्याचा धंदाच तो, हॉटेलांच्या मेनूकार्डांसाठी खाण्याचे फोटो काढणं. त्याने आदल्या दिवशी खानावळीत दोन दिवे लावून, घड्याळ समोर ठेवून तालीम केली.

“आई, तुमचं आइस्क्रीम चार मिनिटं टिकतं. मला लागतात चाळीस.”

“मग दिवे बारीक करा, जावईबापू.”

“मग शेजारी उभे राहिलेले अध्यक्ष दिसायचे नाहीत.”

“तेवढाच फायदा.”

जावई हसला आणि त्याने चार बटाटे उकडायला ठेवले. त्याच्या धंद्यात ही रोजचीच युक्ती होती. उकडलेला बटाटा तेल घालून मऊ घोटायचा, जळक्या साखरेच्या पाण्याने रंग आणायचा, चमच्याने गोळे काढायचे. दिव्याखाली दिवसभर ठेवा, ढिम्म हलत नाही. मेनूकार्डावरचं पाहून तोंडाला पाणी सुटतं ना, ते बहुतेक वेळा बटाट्यानेच सुटलेलं असतं.

“माझ्या स्वयंपाकघरात हे सोंग!” काकू म्हणाल्या. पण पातेल्यात बटाटा दिसल्यावर त्यांचा हात आपोआप मिठाच्या डब्याकडे गेला आणि चिमूटभर मीठ पडलंसुद्धा.

“फोटोला मीठ कशाला, आई?”

“बटाट्याला,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता जावयाने लांब टेबलाच्या टोकाला फोटोचं छोटं टेबल मांडलं. पांढरं कापड, काचेचे तीन पेले, त्यांत तीन तीन गोळे, दोन्ही बाजूंना दिवे. गच्चीवाल्याचे फोटो आधीच उरकले होते, कारण त्याच्या पदार्थात वितळण्यासारखंच काय, दिसण्यासारखंही फारसं काही नव्हतं. सहाला मंडळी जमली, चिठ्ठ्या लावून एकमेकांच्या छात्या वाचू लागली. समितीचं चाखण्याचं टेबल झाडाखाली मांडलेलं होतं. पण अध्यक्षांनी पाहिलं, की उजेड आहे तो फोटोच्या टेबलावर. ते माइक घेऊन थेट तिथे गेले आणि खुर्चीत बसले. दंतवैद्य मागोमाग. ग्रंथपालबाई वही घेऊन शेवटी.

“समिती चाखताना फोटोत आली पाहिजे,” अध्यक्ष म्हणाले.

“येईल ना, साहेब. फक्त चमचा तोंडाजवळ न्या आणि थांबा. खाऊ नका.”

“आम्ही खोटं काही करत नसतो.”

“अहो साहेब, ते—”

“छायाचित्रकाराने छायाचित्रं काढावीत,” अध्यक्ष म्हणाले आणि चमचा तोंडात गेला.

काकू सभागृहाच्या दारात खऱ्या आइस्क्रीमचा डबा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. पंधरा पावलांवर. डब्याचा गारवा त्यांच्या बोटांतून कोपरापर्यंत चढला, पण पाय काही उचलेनात.

अध्यक्षांनी घास जिभेवर फिरवला. डोळे मिटले. टेबलाभोवतीच्या दीडशे माना तिकडे वळल्या. मग त्यांनी माइक जवळ ओढला.

“प्रौढ!” ते म्हणाले. “हे प्रौढ आइस्क्रीम आहे. गोडाचा बाजार मांडलेला नाही. आणि जिभेवर ठेवल्याठेवल्या विरघळून जाण्याचा जो बालिशपणा असतो, तो यात नावालाही नाही. जहाजावर अगदी असंच मिळायचं.”

“अगदी बरोबर,” दंतवैद्य घास गिळत म्हणाले. “आणि विशेष म्हणजे दातांना झिणझिण्या नाहीत! तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, इतकं दंतस्नेही आइस्क्रीम मी पाहिलेलं नाही.”

ग्रंथपालबाईंनी अर्धा चमचा खाल्ला. वहीत काहीतरी लिहिलं. मग उठून दाराशी काकूंजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मीठ थोडं कमी आहे.”

जावई कॅमेऱ्यामागे तोंड लपवून उभा होता आणि कॅमेरा थरथरत होता.

मग खरं आइस्क्रीम सगळ्यांना वाढलं गेलं. अध्यक्षांनी तेही चाखलं आणि खेदाने मान हलवली. “ही दुसरी वाटी जरा साधी. वितळते.” टेबलावरच्या ज्या लोकांनी नुकतंच ‘अहाहा’ केलं होतं त्यांनी ते घाईने गिळून टाकलं आणि तेही म्हणू लागले की हो, वितळते खरी. उथळ पाण्याचा खळखळाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला मिनिटसुद्धा लागलं नाही. गच्चीवाल्याच्या नखाएवढ्या तुकड्याला ‘ठीक’ असा शेरा मिळाला आणि अध्यक्षांनी जाहीर केलं, सभागृहाचं स्वयंपाकघर काकूंना. अट एकच. हे पहिलं आइस्क्रीम तिथे रोज मिळालं पाहिजे, आणि त्याचं नाव ‘अध्यक्षांची आवड’.

टाळ्या झाल्या. काकूंनी मान लववली. ती लववताना त्यांना स्वतःचीच एवढी शिसारी आली की त्या आत जाऊन भांडी घासू लागल्या, जी घासायला दुसरी माणसं होती.

“आई, जिंकलात की!” जावई मागून आला.

“मी? बटाटा जिंकला.”

“गाढवाला गुळाची चव काय! तुम्ही कशाला मनाला लावून घेता? गप्प राहा, चाव्या घ्या.”

“तेवीस वर्षं साखरेवर उभी आहे मी. आणि त्या माणसाला बटाटा नि साय यातला फरक कळत नाही. त्याच्या हातून चाव्या घ्यायच्या म्हणजे काय घ्यायचं?”

“चाव्याच. दुसरं काय?”

तोडगा म्हणून हे वाईट नव्हतं आणि काकूंनी रात्रभर तोच मनाशी घोकला. पण सकाळी करार करायला गेल्यावर ग्रंथपालबाईंनी त्यांच्यापुढे एक छापील कागद सरकवला. सभागृहाचा नियम असा होता, की रोजच्या प्रत्येक पदार्थात काय काय घातलं आहे ते लिहून द्यायचं. कुणाला काही सोसत नाही, कुणाला काही चालत नाही, म्हणून. कागदावर वर लिहिलेलं होतं: अध्यक्षांची आवड. खाली पाच रिकाम्या ओळी.

अध्यक्ष आणि दंतवैद्य पलीकडे बसून कालच्या फोटोंतले आपापले चेहरे बघत होते. जावई काकूंच्या खुर्चीमागे उभा होता. तो कानाशी वाकला.

“दूध, साय, साखर. लिहून टाका. मी आहेच.”

काकूंनी पेन उघडलं. दूध लिहिलं की स्वयंपाकघर आपलं. बटाटा लिहिला की गच्चीवाल्याचं. इतका सोपा हिशेब कुणाला चुकत नाही. पण ज्या बाईने तेवीस वर्षांत फळ्यावर एक लिहून ताटात दुसरं वाढलं नाही, तिच्या हाताला काही केल्या ‘दू’ काढता येईना. त्यांना अध्यक्षांची कीव येत नव्हती, भीतीही वाटत नव्हती. एवढंच वाटलं, की या माणसासाठी खोटं लिहायचं म्हणजे त्याला फारच मोठं करायचं. त्यांनी ठसठशीत अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि कागद परत सरकवला. जावयाने वाचून डोळे मिटले.

ग्रंथपालबाईंनीही वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

“अध्यक्ष, सही करण्याआधी वाचून दाखवू का?” आणि मग काकूंकडे पाहून, “की नको?”

अध्यक्ष न वाचता सही करतात हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नको म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. खरंही लिहून झालं असतं आणि चाव्याही मिळाल्या असत्या.

“दाखवा,” काकू म्हणाल्या.

“उकडलेले बटाटे, चार,” ग्रंथपालबाई वाचू लागल्या. “खाद्यतेल, दोन चमचे. जळक्या साखरेचं पाणी, रंगापुरतं. मीठ, चिमूटभर.”

दंतवैद्यांचा हात सावकाश गालाकडे गेला. अध्यक्षांनी फोटो खाली ठेवला. त्यांच्या मानेवर तांबूस रंग चढत गेला, जळक्या साखरेसारखाच, आणि काकू सवयीने तो बघत राहिल्या. पाच सेकंद आधी की पाच सेकंद उशिरा?

“अर्थात!” अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“अर्थात बटाटा! मला पहिल्याच घासाला कळलं होतं. काल सांगितलं नाही, कारण लोकांना झेपलं नसतं. बटाटा हीच तर त्यातली करामत. दूध-साखर काय, कुणीही घालेल.”

“अगदी बरोबर,” दंतवैद्य म्हणाले. “म्हणूनच झिणझिण्या नाहीत.”

अध्यक्षांनी झोकात सही केली आणि चाव्यांचा जुडगा टेबलावरून ढकलला. काकूंनी तो उचलला. खरं बोलल्याचं समाधान घेऊन त्या पराभवासाठी तयार होऊन बसल्या होत्या. पण या माणसाने त्यांना धड हरूसुद्धा दिलं नव्हतं. दाराबाहेर आल्यावर जावयाला हसू आवरेना. काकू मात्र हसल्या नाहीत.

सभागृहाची खानावळ पहिल्या तारखेला सुरू झाली. काकूंनी भिंतीवर आपला जुना फळा लावला. जळक्या साखरेचं आइस्क्रीम वर आणि ‘अध्यक्षांची आवड’ खाली, कंसात स्वच्छ अक्षरात ‘उकडलेला बटाटा’. तरीही लोक तेच मागवू लागले. आधी फोटो काढत, मग डोळे मिटून खात आणि प्रौढ आहे म्हणत. अध्यक्ष दर रविवारी पाहुणे घेऊन येत आणि त्यांना त्यातली करामत समजावून सांगत.

ग्रंथपालबाई पहिल्याच दिवशी एकट्या आल्या. त्यांनी वरचं आइस्क्रीम मागवलं, आणि सोबत खालच्याचा एक चमचा, नुसता बघायला. आधी तो चमचा तोंडात घातला.

“आता मीठ बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“बटाटा झाला म्हणून काय झालं,” काकू म्हणाल्या, “माझ्या हातून जातोय.”